गुन्ह्याच्या प्रकार्यवादी स्पष्टीकरणावर उत्तर कसे लिहावे

उत्तराच्या पहिल्याच वाक्यात प्रश्नाची पातळी ठरवून घ्यावी. अमुक माणसाने चोरी का केली, हे प्रकार्यवाद (समाजातील प्रत्येक गोष्ट समाजासाठी काय काम, म्हणजे प्रकार्य, करते हे पाहणारा समाजशास्त्रीय दृष्टिकोन) विचारत नाही; गुन्हा प्रत्येक समाजात का आढळतो आणि त्यावरील शिक्षेने समाजात काय घडते, हे तो विचारतो. हे भान सुटले की उत्तर गुन्हेगाराच्या स्वभावाकडे घसरते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम यांनी १८९५ च्या ग्रंथात गुन्ह्याला ‘सामान्य’ म्हटले. या विधानापाशी थोडे रेंगाळावे, कारण बहुतेक उत्तरे इथेच बिघडतात. ‘सामान्य’ म्हणजे ‘चांगले’ नव्हे. निव्वळ संतांचा मठ कल्पिला तरी, आपल्याला क्षुल्लक वाटणारी चूक तिथे मोठा अपराध ठरेल, असे ते म्हणतात. म्हणजे सामूहिक भावना आहेत तोवर त्यांचा भंगही होणारच. शिक्षेचे खरे काम गुन्हेगाराला सुधारणे हे नसून त्या भावना जाग्या ठेवणे हे होय. इथेच सॉक्रेटिसचा दाखला द्यावा: अथेन्सच्या कायद्याने तो अपराधी ठरला, पण त्याच्या अपराधाने नव्या नीतिविचाराला वाट करून दिली. गुन्ह्यांचे प्रमाण फाजील वाढले तर ते मात्र विकृतीचे लक्षण, ही दुरखीम यांचीच पुस्ती गाळू नये.

पुढे ‘अॅनॉमी’ हा शब्द जपून वापरावा. दुरखीम यांच्या लेखी ती माणसाच्या इच्छांवरील सामाजिक नियमन सैल पडल्याची अवस्था आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ च्या लेखात अमेरिकेविषयी वेगळा मुद्दा मांडला: पैशातले यश हे ध्येय सर्वांपुढे ठेवले जाते, पण त्याचे मान्य मार्ग सर्वांना सारखे खुले नसतात. या तफावतीला माणसे देतात त्या अनुसरण, नवप्रवर्तन, कर्मकांड, पलायन आणि बंड या पाच प्रतिसादांची नुसती नावे पाठ म्हणून दाखवू नयेत. प्रत्येकात ध्येयाचे काय होते आणि मार्गाचे काय, ते लिहावे. अनुसरण करणारा दोन्ही धरून राहतो, नवप्रवर्तक ध्येय धरून मान्य मार्ग सोडतो, कर्मकांडी मार्ग धरून ध्येय सोडतो; पलायन करणारा दोन्ही सोडून देतो, तर बंडखोर त्यांच्या जागी नवी ध्येये आणि नवे मार्ग आणू पाहतो.

टीका लिहिताना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट कोहेन यांचा १९५५ मधील आक्षेप पुरेसा बोलका आहे: पोरांच्या टोळ्या करतात त्या निव्वळ मोडतोडीतून पैसा मिळत नाही, मग मर्टन यांची चौकट तिथे कशी लागू पडावी? त्याहून मूलभूत प्रश्न असा की, गुन्ह्याचा समाजाला उपयोग होतो म्हणून गुन्हा घडतो, असे म्हणता येईल का? प्रकार्य आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे खुद्द दुरखीम यांनीच त्याच १८९५ च्या ग्रंथात बजावले आहे. टीकेचा परिच्छेद प्रकार्यालाच कारण मानण्याच्या या विसंगतीपासून सुरू केलेला उत्तम.