तीन सिलिंडरची थरथर: जन्मजात कोणती, बिघाडाची कोणती

तीन सिलिंडरची छोटी गाडी घेताना दोन प्रश्न हमखास येतात: इंजिन थरथरतं का, आणि टिकतं का? थरथरतं, आणि टिकतंही. ‘थरथरतंय म्हणजे लवकर बांधायला (खोलून दुरुस्त करायला) येणार’ हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचंच होतं. ती गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. तेवढ्याच सीसीच्या तीन सिलिंडरवर ओम्नीने वर्षानुवर्षं शाळेची पोरं वाहिली. २०२४ च्या स्विफ्टमध्ये तर चार सिलिंडर काढून ११९७ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं.

थरथर येते कुठून? चार सिलिंडरमध्ये क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) १८० अंश फिरला की एका सिलिंडरात पेट्रोल पेटून एक ठोका पडतो, तीनमध्ये २४० अंशांनी. म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सेकंदाला २० ठोके, चारमध्ये जवळपास २७. सावकाश पडणारा ठोका सीटला आणि स्टिअरिंगला जास्त जाणवतो. शिवाय तिन्ही पिस्टनचे वर-खाली धक्के एकमेकांना रद्द करतात खरे, पण पिस्टन एका ओळीत लांब-लांब असल्यामुळे इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुलायला बघतं. काही कंपन्या त्यासाठी उलटा फिरणारा बॅलन्सर शाफ्ट देतात, काही फ्लायव्हील आणि पुलीवर मुद्दाम वजन ठेवतात. उरलेलं सगळं इंजिनच्या फाउंडेशनचे (इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं त्या माउंटिंगचे) रबर पचवतात.

आता तपासणी. इंजिन गरम होऊ द्या, एसी बंद, गिअर न्यूट्रल. आतल्या आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट बघा. आकडे एकसारखे पुसट दिसत असतील तर ती जन्मजात थरथर. मध्येच एक झटका, मग शांत, मग पुन्हा झटका, असं होत असेल तर मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकतोय. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरा. तो एका लयीत फडफडला पाहिजे. अधूनमधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शंका घ्या. मग एसी लावा: आरपीएम किंचित वर जाऊन स्थिर व्हायला हवं. ते खाली कोसळून गाडी हलत असेल तर आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने दाबू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. साफ केल्यावर स्कॅनरने (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने) आयडल रीसेट करून घ्या.

तीनातलं एक सिलिंडर मेलं की एक तृतीयांश ताकद जाते, त्यामुळे मिसिंग इथे लपत नाही. स्कॅनरवर पी०३०१, पी०३०२ किंवा पी०३०३ दिसलं की शेवटचा आकडा सिलिंडरचा. इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावा, कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर तसाच प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). चालू इंजिनवर कॉइल उपटून ‘कुठलं बंद आहे’ शोधायची गॅरेजमधली सवय वाईट: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरआधी धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट होतो. त्याऐवजी इंजेक्टरचा वायरचा सॉकेट काढा, म्हणजे पेट्रोलच येणार नाही. वॉशरचा नवा प्लग हाताने शेवटपर्यंत बसवा आणि मग पान्याने अर्धा वळसा. त्याहून जास्त आवळलं तर ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात.

कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टरचे सॉकेट काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला ५-६ सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत गेजवर १२ ते १४ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास आकडा येतो, पण तिघांतला फरक जास्त महत्त्वाचा: दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

मिसिंग नाही, तरी थरथर वाढलीय? मग फाउंडेशन. हँडब्रेक ओढा, चाकांना उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, बॉनेट उघडा. एकाने ब्रेक दाबून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही. इंजिन थोडं झुकून परत आलं पाहिजे. ‘धप्’ आवाजासह उडी मारत असेल तर फाउंडेशनचा रबर गेला. द्रव भरलेलं फाउंडेशन फुटलं की खाली काळपट ओघळ दिसतो. बदलताना स्वस्तातला कडक रबर घेऊ नका, नव्या फाउंडेशनवर जुन्यापेक्षा जास्त थरथर येते ती त्यामुळेच. इंजिनला आधार देताना जॅक आणि चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) मध्ये रुंद लाकडी फळी ठेवा. सगळे बोल्ट आधी नुसते लावून घ्या, इंजिन एक मिनिट आयडलिंगला चालवून स्वतःच्या जागी बसू द्या, बंद करा आणि मगच आवळा. पिळलेल्या अवस्थेत आवळलेला रबर कंपन थेट बॉडीत सोडतो.

आयुष्य खरं ठरतं ते तेल, पाणी आणि उजव्या पायावर.

यातल्या बऱ्याच इंजिनांत ऑइल तीन लिटरच्या आसपास असतं. अर्धा लिटर कमी झालं म्हणजे सहावा हिस्सा गेला. दर हजार किलोमीटरला सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या, ‘जाड तेल घातलं की आवाज कमी’ हा उपाय करू नका. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलातच चालतो. चुकीच्या तेलाने तो फुगतो, त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिन कोरडं पडतं. कुलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षारांनी रेडिएटर बुजतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की ‘पुढच्या पंपापर्यंत’ म्हणू नका, तिथेच थांबा. ॲल्युमिनियम हेड वाकायला फार वेळ लागत नाही. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड झाल्यावरच उघडा.

गिअर पडल्यावर १५०० आरपीएमच्या खाली इंजिनला ओढायला लावू नका. स्पीडब्रेकरनंतर तिसऱ्यात गुरगुरत उचलणं म्हणजे फाउंडेशन, क्लच आणि बेअरिंग तिन्ही झिजवणं. दुसरा टाका. कसारा घाटात भरलेली एक लिटरची गाडी २५०० ते ३५०० मध्ये ठेवा, आवाज वाढला तरी इंजिन सुखात असतं. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारं टर्बो इंजिन) असेल तर हे दुप्पट पाळा: कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की तेलाचे थेंब ठिणगीआधीच पेट घेतात आणि पिस्टन फुटू शकतो. अशा इंजिनाला एपीआय एसपी दर्जाचं तेल घ्या. घाट चढून थांबलात की बंद करण्याआधी मिनिटभर आयडलिंगला ठेवा, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होत नाही.