जर्मनीत फ्रीलान्सिंग सुरू करताना: पहिल्या बिलाआधीची तयारी

जर्मनीत स्वतंत्र काम सुरू करायचं ठरलं की सगळ्यात आधी निवास परवान्याचं कार्ड आणि त्यासोबतचं जोडपत्र नीट वाचा. त्यावर ‘एर्वेर्ब्सटेटिशकाइट एरलाउब्ट’ असं छापलेलं असेल तर नोकरीबरोबर स्वतःच्या व्यवसायाचीही मुभा आहे. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे इथे आलेल्यांच्या कार्डावर सहसा हेच वाक्य असतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी शिकलेल्या बायका ते न वाचताच घरी बसून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. ब्लू कार्डवाल्यांनी (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) आणि विद्यार्थ्यांनी मात्र परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. नोकरी असेल तर करारातलं जोडकामाचं कलमही पाहून ठेवावं.

मग पत्ता. घरात राहायला आल्यावर 14 दिवसांत आनमेल्डुंग, म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंद, करायचं असतं, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. आनमेल्डुंग झालं की 11 आकडी कर ओळख क्रमांक पोस्टाने येतो. तो जन्मभराचा, आपल्या पॅनसारखा. इथे दारावरच्या पत्रपेटीकडे खास लक्ष द्या. जर्मनीतला करव्यवहार अजूनही मोठ्या प्रमाणात टपालाने चालतो आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, लग्नानंतर आडनावही बदललेलं असतं. बँक, आरोग्य विमा, कर कार्यालय आणि पत्रपेटी या चारही ठिकाणी एकच आडनाव राहील असं बघा.

पत्ता झाला की काम कोणत्या गटात बसतं ते ठरवा. भाषांतर, पत्रकारिता, शिकवणं, वास्तुरचना, अभियांत्रिकी सल्ला अशी कामं करणारे ‘फ्रायबेरुफ्लर’. त्यांना थेट फिनान्सआम्ट, म्हणजे कर कार्यालयाकडे नोंद करता येते. घरगुती डबे पुरवणं, वस्तू विकणं, दलाली हा ‘गेवेर्बे’. त्याची नोंद आधी पालिकेच्या गेवेर्बेआम्टमध्ये करायची, आणि वर्षाचा नफा 24,500 युरोंच्या वर गेला की व्यवसाय करही लागतो. सॉफ्टवेअरवाल्यांचं प्रकरण सीमेवरचं असतं, म्हणून कामाचं वर्णन लिहिताना प्रत्यक्ष काय करता ते नेमकं लिहा आणि पदवीची प्रत जवळ ठेवा. एकाच ग्राहकाकडे, त्याच्याच वेळेत, त्याच्याच सांगण्यानुसार काम चालत असेल तर ते लपवलेली नोकरी ठरू शकतं. दुसरा ग्राहक शोधणं हा त्यावरचा सगळ्यात प्रामाणिक उपाय.

‘एल्स्टर’ या सरकारी पोर्टलवरचं खातं काम मिळण्याआधीच उघडून ठेवा. सक्रिय करण्याचा कोड पोस्टाने येतो, म्हणजे दिवस जातात. नंतर प्रमाणपत्राची एक फाइल उतरवून घ्यावी लागते. ती आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या जागी जपून ठेवा. काम सुरू झाल्यापासून महिन्याभरात याच पोर्टलवर नोंदणीची प्रश्नावली भरायची. त्यानंतर फिनान्सआम्ट कर क्रमांक देतं. हा ओळख क्रमांकाहून वेगळा असतो आणि दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत राहायला गेलात तर बदलतो. बिलावर हा क्रमांक किंवा व्हॅट क्रमांक लागतो, ओळख क्रमांक नाही.

प्रश्नावलीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे अपेक्षित नफ्याचा. बहुतेकजण भीतीपोटी तिथे अगदी कमी आकडा टाकतात, आणि त्याचा फटका दुसऱ्या वर्षी बसतो. त्या आकड्यावरून आगाऊ कर ठरतो आणि तो 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर आणि 10 डिसेंबरला भरायचा असतो. आकडा कमी असेल तर आगाऊ कर शून्य. समजा प्रत्यक्षात करपात्र उत्पन्न 32,000 युरो झालं. 2025च्या दरांनी एकट्या माणसाला सुमारे 4,900 युरो आयकर होतो. विवरण तपासून झालं की ही रक्कम एकदम मागितली जाते, आणि तेवढ्याच अंदाजाने चालू वर्षाचा आगाऊ करही लागू होतो. काही महिन्यांत जवळजवळ दोन वर्षांचा कर खिशातून जातो. इथे टीडीएस कापून उरलेले पैसे देणारं कुणी नाही. म्हणून अंदाज खरा लिहा, कामाच्या पैशांसाठी वेगळं खातं ठेवा आणि पैसे आले त्याच दिवशी तिसरा हिस्सा बाजूला काढा. मी स्वतः असंच करते. जोडीदाराचं उत्पन्नही फॉर्ममध्ये विचारतात, ते हाताशी असू द्या.

त्याच फॉर्ममध्ये व्हॅटबद्दलचा निर्णय आहे. 2025पासून मागच्या वर्षाची उलाढाल 25,000 युरोंपर्यंत असेल तर लहान व्यावसायिक म्हणून व्हॅट न लावण्याची सवलत मिळते. पहिल्या वर्षीही मर्यादा 25,000चीच. घरोघरी शिकवण्या घेणाऱ्याला ती सोयीची. कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांनी मात्र विचार करावा, कारण कंपनीला तुमच्या बिलावरचा 19 टक्के व्हॅट परत मिळतो आणि सवलत न घेतल्यास तुम्हालाही लॅपटॉपवरचा व्हॅट परत मिळतो. व्हॅट क्रमांक फुकट मिळतो. नोंदणीनंतर त्यासाठी पैसे मागणारी, सरकारी वाटणारी पण बनावट पत्रं येतात. ती बिनदिक्कत फाडून टाका.

आरोग्य विम्याचं उत्तर पहिल्या बिलाआधी हवं. नोकरीत निम्मा हप्ता मालक भरतो, इथे पूर्ण आपला, आणि सरकारी विम्यात तो उत्पन्नाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका होतो. जोडीदाराच्या विम्यात फुकट सामील असाल तर 2025मध्ये उत्पन्नाची मर्यादा महिना 535 युरो होती. ती ओलांडली की स्वतःचा विमा घ्यावा लागतो, म्हणून विमा कंपनीला आधी कळवा. लेखक, चित्रकार, संगीतकार यांनी ‘क्युन्स्टलरसोत्सियालकासे’कडे, म्हणजे कलाकारांच्या सामाजिक विमा निधीकडे, जरूर अर्ज करावा, तिथे निम्मा भार उचलला जातो.

बिलाचा नमुना एकदाच नीट बनवून ठेवा: दोघांचं नाव-पत्ता, कर क्रमांक, सलग बिल क्रमांक, तारीख, काम केल्याचा काळ, कामाचं वर्णन, रक्कम, व्हॅट किंवा सवलतीचा उल्लेख. पावत्या आणि बिलं 8 वर्षं जपायची असतात. घरून काम केल्याचे दिवसही लिहून ठेवा, दिवसाला 6 युरो याप्रमाणे वर्षाला 1,260 युरोंपर्यंत वजावट मिळते. वार्षिक विवरणाची मुदत पुढच्या वर्षीच्या 31 जुलैची, कर सल्लागारामार्फत भरलं तर त्याच्याही पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेरची. पहिल्या वर्षी तरी सल्लागाराचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे. करनिर्धारणाचं पत्र आलं की आकडे लगेच ताडून पाहा, हरकत घ्यायला एकच महिना मिळतो.

भारतातली बाजूही विसरू नका. बचत खातं एनआरओ (परदेशस्थ भारतीयांचं, भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या. तिथल्या मुदत ठेवींचं व्याज जर्मनीच्या विवरणात दाखवावं लागतं, एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवण्याचं खातं) ठेवींचंही, भारतात ते करमुक्त असलं तरी. पुण्या-मुंबईतला ग्राहक पैसे पाठवताना टीडीएस कापणार असेल तर फिनान्सआम्टकडून रहिवासाचा दाखला मागवा. दुहेरी कर कराराचा फायदा त्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी अर्ज बिल पाठवण्याच्या बराच आधी करा.