रेंज नसली तरी तास चालू द्या

पाटण खोऱ्यात पाऊस लागला की रेंज जाते, कधी लाईटही. म्हणून उद्याच्या पाठाचा व्हिडिओ आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधून स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. डाउनलोड झालं की फोन फ्लाइट मोडवर टाकून एकदा चालवून बघाच.

आणि व्हिडिओ सलग लावू नका, एवढं मात्र मनापासून सांगते. समजा पाठ बी रुजण्याचा आहे, तर व्हिडिओत मटकीला मोड फुटायच्या आधी थांबवा आणि विचारा, ‘आधी काय बाहेर येईल, मूळ का पान?’ पोरं हिरिरीनं भांडतात. मग ओल्या फडक्यातली खरी मटकी एकेकाच्या तळहातावर ठेवा. ते पांढरं टोक बघून झालं, की मगच व्हिडिओ पुढे चालू करा.