कॅम्पला लीडर म्हणून पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

परीक्षा संपत आल्या की इंदूरमधली आमच्या चर्चची कॉलेजवाली मुलं मागे लागतात, ताई यंदा मुलांच्या उन्हाळी कॅम्पला आम्हालाही लीडर म्हणून घ्या ना. मला मनापासून आनंद होतो, कारण मी पण अशीच मागे लागून गेले होते. बायबल वाचायचं, प्रार्थना करायची, मुलांवर प्रेम करायचं हे तुम्हाला कुणी सांगायला नको, संडे स्कूलपासून ऐकत आलाय. जे कुणी सांगत नाही तेवढंच लिहिते.

कॅम्पर म्हणून केलेला कॅम्प आणि लीडर म्हणून केलेला कॅम्प या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. कॅम्परला गाणी, गेम्स आणि कॅम्पफायर आठवतो. लीडरला आठवते ती पहाटे पाचची बाथरूमची लाइन, कुणाची बादली कुणी नेली यावरून झालेली भांडणं, आणि लाइट्स ऑफ झाल्यावर बारापर्यंत चाललेली लीडर्स मीटिंग. मे महिन्यात इंदूर तापलेलं असतं म्हणून पुष्कळ कॅम्प पचमढीला असतात, पिपरियाला उतरून पुढे पन्नासेक किलोमीटर, आणि त्या घाटात निम्म्या मुलांना मळमळतं. पॉलिथिनच्या पिशव्या, लिंबू आणि एक जुना टॉवेल तुमच्या हातातल्या बॅगेत हवा, डिकीतल्या बॅगेत असून काही उपयोग नाही. वर गेल्यावर रात्री चादर लागते आणि कुणीतरी एक जण ती आणायला विसरलेलाच असतो, म्हणून एक जास्तीची ठेवा.

स्टेजवर सगळं हिंदीत चालतं, गाणी हिंदी-इंग्लिश मिक्स. पण आपल्या मराठी घरातलं पोर रात्री आईच्या आठवणीने रडतं तेव्हा मराठीतच रडतं, त्याच्याजवळ बसून मराठीतच बोला. लहान गोष्ट वाटेल पण पोर लवकर शांत होतं.

कागदांच्या बाबतीत कॅम्पचे डायरेक्टर कटकट करतात असं नव्या लोकांना वाटतं. आईवडिलांची लेखी परवानगी, दोघांचे फोन नंबर, औषधं, ॲलर्जी, हे सगळं भरलेलं नसेल तर त्या मुलाला बसमध्ये चढवायचं नाही म्हणजे नाही. आपल्या मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, अल्पवयीन मुलाच्या बेकायदेशीर धर्मांतराला त्यात २ ते १० वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या घरातलं पोर "मलाही यायचंय" म्हणालं म्हणून परस्पर सोबत आणू नका. त्याच्या आईवडिलांना कॅम्पमध्ये काय काय शिकवतात ते स्पष्ट माहीत हवं आणि त्यांची स्वतःची इच्छा हवी, नसेल तर नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, दुसऱ्याच्या लेकराला त्याच्या घरच्यांना अंधारात ठेवून काही शिकवणं मला पटत नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यात मी फसले. ही नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

कॅम्पच्या शेवटच्या रात्री मुलं मोकळी होतात. चार-पाच दिवस एकत्र राहून भीड चेपलेली असते, कॅम्पफायरला साक्षी, म्हणजे विश्वासाचे अनुभव सगळ्यांसमोर सांगून झालेले असतात, मन भरून आलेलं असतं, आणि सकाळी घरी जायचंय हे पण डोक्यात असतं. म्हणून जे इतके दिवस ओठावर आलं नाही ते त्या रात्री येतं. माझ्या ग्रुपमधली एक मुलगी अशीच मागे रेंगाळली होती. बाकीच्या डॉर्मकडे गेल्या आणि ही माझ्याबरोबर सतरंज्या गोळा करत राहिली. एकच सतरंजी घडी करायची, परत उलगडायची, परत घडी करायची. मग खालीच बघत म्हणाली, ताई एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं, प्रॉमिस करा.

मी प्रॉमिस केलं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलं होतं, की मुलांचा विश्वास जिंकायचा असेल तर त्यांना आधी वचन द्या, गुपित ठेवणारा लीडरच खरा लीडर. मला त्या क्षणी हेच देवाचं काम वाटलं, एवढ्या जणींमधून तिने मला निवडलं असं वाटलं. तिने काय सांगितलं ते मी लिहिणार नाही, ती गोष्ट तिची आहे. एवढंच सांगते की ती घरात सुरक्षित नव्हती आणि दुसऱ्या दिवशी बस तिला त्याच घरी सोडणार होती. आता मी काय करायचं? गप्प बसले तर मूल परत धोक्यात, बोलले तर दिलेलं वचन मोडलं. मी पहाटे डायरेक्टरना सांगितलं, जे करायचं ते झालं, मूल सुरक्षित झालं. पण तिने नंतर माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून जड जाते. तिचा विश्वासघात आधीच एका मोठ्या माणसाने केला होता, त्यात माझं मोडलेलं प्रॉमिस कशाला हवं होतं.

म्हणून वचन द्यायचंच नाही, आणि हे मुलाने बोलायला सुरुवात करायच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर ती फसवणूक होते. मी आता असं म्हणते: "तू सांग, मी ऐकते. पण तुला कुणी त्रास देत असेल किंवा तू स्वतःला इजा करणार असशील, तर मला मदत करू शकेल अशा माणसाला सांगावंच लागेल. कुणाला सांगणार ते मी तुला आधी सांगीन." हे वाक्य घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा, खरंच म्हणून बघा, कारण त्या रात्री तुम्ही थकलेले असता आणि तोंडातून "हो, नाही सांगणार" हेच आपोआप निघतं.

तुम्ही विचाराल, असं म्हटलं तर मूल बोलेल का? काही वेळा नाही बोलत. "काही नाही ताई, असंच" म्हणून निघून जातं. जाऊ द्या, पण नजर ठेवा आणि डायरेक्टरना तेवढंच सांगून ठेवा की याला काहीतरी बोलायचंय. एक मुलगा असाच रात्री निघून गेला आणि सकाळी दात घासताना ब्रश तोंडात ठेवून सगळं बोलला. मुलांना खरं तर कुणीतरी थांबवावं असंच वाटत असतं, म्हणून तर ती सांगतात.

मूल बोलायला लागलं की खोदून खोदून विचारू नका. "मग काय झालं, मग तू का नाही ओरडलीस" हे अजिबात नाही. ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा, आणि नंतर लगेच मुलाचे शब्द जसेच्या तसे वेळेसकट लिहून काढा. तुमचे अंदाज त्यात घालू नका. मग डायरेक्टर. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला फोन करून "खरं का हो?" विचारायचं तर नाहीच नाही.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि कलम १९ प्रमाणे अशा अत्याचाराची माहिती ज्याला कळली त्याने पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. मग तो पाळक असो, लीडर असो की स्वयंपाकी. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर वर्षापर्यंत. घाबरू नका, चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर केस होत नाही हे पण त्याच कलमात लिहिलंय. पोलीस मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून, वर्दी न घालता घेतात. आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

इथे आपल्या चर्चच्या लोकांबद्दल कडू बोलते. "पोलिसात कशाला, आपसात मिटवू, चर्चचं नाव खराब होईल" म्हणणारे भेटतील, आणि ते चांगलेच लोक असतील, तुमच्यासाठी प्रार्थना करणारे. ते बायबलमधला मत्तयाचा १८ वा अध्याय काढतील, १५ वं वचन, भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन सांग. त्यांना त्याच अध्यायाचं ६ वं वचन वाचायला सांगा. लहानाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलं तर ते त्याच्या हिताचं, हे येशूने आधी म्हटलंय, भावाभावांची गोष्ट नंतर आलीय. आणि मुलाला "क्षमा कर" म्हणून कुणी त्रास देणाऱ्याबरोबर एकाच खोलीत बसवत असेल तर तुम्ही उठून दारात उभे राहा, वयाने लहान असलात तरी.

स्वतःसाठी नियम साधा आहे. मुलाशी बोलायचं ते दिसेल अशा जागी, व्हरांड्यात, ग्राउंडच्या कडेला, जिथे आवाज जाणार नाही पण नजर जाईल. बंद खोलीत एकटं कधीच नाही, दुसरा लीडर कुठेतरी जवळपास हवा. घरी आल्यावर कॅम्परशी एकट्याने रात्री चॅटिंग नको, ग्रुप करा आणि त्यात त्यांच्या आया घाला. काही सीनियर याला अविश्वास म्हणतात. मी नाही मानत.

सीनियरवरून आठवलं, मेंटॉर निवडताना स्टेजकडे बघू नका. माइकवर रडवणारा माणूस मेंटॉर असेलच असं नाही, तो जेवताना कुठे बसतो ते बघा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते किचनमधल्या मावशींनी, सकाळी पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरताना त्या सांगायच्या, तो निळ्या टीशर्टवाला काल रात्री पण जेवला नाही, बघ जरा. त्या चुकल्या असं मला आठवत नाही.

दोन दिवसांचे सर्टिफिकेट कोर्स करून स्वतःला काउन्सेलर म्हणवणं मला बिलकुल आवडत नाही. पूर्ण वेळ सेवेत यायचं मनात असेल तर शिका, जबलपूरला लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. पण आधी दोन-तीन उन्हाळे नुसते व्हॉलंटियर म्हणून काढा. पैशाचं घरी आधीच स्पष्ट बोला, मानधन बहुतेक ठिकाणी इतकं कमी असतं की त्यावर घर चालत नाही, आणि "देव पुरवील" हे आईला सांगून चालत नाही, तिला हिशोब द्यावा लागतो. मी वर्षभर ट्यूशन घेते आणि सुट्ट्यांमध्ये कॅम्प करते, हे सेवेपेक्षा कमी आहे असं मला कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

कॅम्पहून आल्यावर तुम्हाला एकदम रिकामं वाटेल, चिडचिड होईल, प्रार्थना करावीशी वाटणार नाही. विश्वास गेला असं समजू नका. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झाल्यावर संदेष्टा एलिया झुडपाखाली जाऊन मला मरू दे म्हणाला होता, आणि देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपू दिलं, भाकर दिली, परत झोपू दिलं. तुम्ही पण झोपा, आईच्या हातचं जेवा. मग येणाऱ्या रविवारच्या आत ग्रुपमधल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन करा. मुलाशी बोलायच्या आधी आईशी बोला, आणि ज्या मुलाबद्दल काही कळवलं होतं त्याचं पुढे काय झालं ते डायरेक्टरना विचारत राहा, उत्तर मिळेपर्यंत.