भूत जोलोकिया वापरताय? या चुका टाळा

२००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून आसाम-नागालँडच्या भूत जोलोकियाची नोंद झाली: दहा लाखांहून जास्त स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). पुढे कॅरोलिना रीपरसारख्या मिरच्यांनी तिला मागे टाकलं, पण मागवणारे अजूनही बहुतेक पैज लावायलाच मागवतात. मोठी चूक हीच. नागालँडात धुरावर सुकवलेल्या डुकराच्या मांसात किंवा सुक्या मासळीच्या चटणीत ही मिरची घालतात ती तिखटाइतकीच वासासाठी. पिकलेल्या फळासारखा गोडसर वास असतो तिला. तो हवा असेल तर पहिल्यांदा चिरूच नका. अख्खी मिरची देठासकट उकळत्या रश्शात सोडा, वास उतरला की अलगद काढून घ्या. डावाचा धक्का लागून ती फुटली, तर मात्र रस्सा हातचा गेला.

बिया काढल्या की तिखटपणा जातो, हा समज साध्या मिरचीतही चुकीचा आहे. तिखट असतं ते आतल्या पांढऱ्या शिरांत. या मिरचीत ते सालीच्या आतल्या बाजूलाही असतं, म्हणून शिरा खरवडूनही फार फरक पडत नाही. शिवाय ती लगेच चढत नाही. चव घेतल्यावर जरा थांबा, मगच आणखी घालायचं ठरवा.

चिरताना हातमोजे हवेतच. उघड्या हातांनी चिरलीच, तर आधी तेल चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखट घटक, निघत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी हा उद्योग दुसऱ्या कुणाला सांगा.

मसाल्याच्या मिरच्यांसारखी ही तव्यावर कोरडी भाजू नका. बंद स्वयंपाकघरात असा खकाणा उठतो की घरभर ठसके लागतात, आणि दम्याच्या माणसाला ते धोक्याचं आहे. मिक्सरचं झाकणही लगेच उघडू नका, पूड खाली बसू द्या.

तोंड पोळलं तर पाणी नको, दूध किंवा दही घ्या. भाजी जहाल झाली असेल तर तीच भाजी बिनमिरचीची करून त्यात मिसळा, किंवा नारळाचं दूध घाला.

उरलेल्या मिरच्या अख्ख्याच फ्रीजरमध्ये ठेवा. वाळवून पूड केली तर तिखट राहतं, तो गोडसर वास मात्र बराच उडून जातो.