या चुका टाळा: दाब वाढवला, पण फाइल जुनीच

प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या ऐरणीत नमुना वाजवीपेक्षा जास्त दाबला, तर हिरा फुटतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. प्रचंड दाबाखालच्या पदार्थाचं संगणकावर गणित करताना, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, काहीच फुटत नाही. 300 गिगापास्कलला (1 गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) निरर्थक ठरलेली सेटिंग्जही प्रोग्रॅम मुकाट्याने चालवतो, आणि आलेखाची रेघ छान गुळगुळीत येते.

सगळ्यात महागात पडते ती स्यूडोपोटेन्शियलची चूक. अणूचे आतले इलेक्ट्रॉन गाभ्यात गोठलेले धरून फक्त बाहेरचे मोजायची ही सोय; प्रत्येक मूलद्रव्यासाठी तिची तयार फाइल मिळते. सोडियमचंच बघा. साध्या दाबाला त्याचा बाहेरचा एकच इलेक्ट्रॉन मोजला आणि आतले दहा गाभ्यात गोठवले तरी काम भागतं. पण 2009 मध्ये प्रयोग आणि गणित दोन्हींतून दिसलं, की सुमारे 200 गिगापास्कलला सोडियम धातूपण सोडून पारदर्शक होतं. एरवी शेजारच्या अणूंमधलं अंतर 3.7 अँगस्ट्रॉम असतं. 300 गिगापास्कलच्या पुढे ते निम्म्यावर येतं. म्हणजे गाभे एकमेकांत घुसू लागतात आणि गोठवलेले 2p (आतल्या, दुसऱ्या कवचातले) इलेक्ट्रॉनही खेळात उतरतात. एका इलेक्ट्रॉनची फाइल तशीच ठेवली तरी गणना पूर्ण होते, एरर येत नाही. पण ते उत्तर सोडियमचं नसतं.

म्हणून त्या कवचातले 2s आणि 2p इलेक्ट्रॉनही मोजणारी फाइल घ्या. मग सगळ्यात जास्त दाबाच्या रचनेतलं सर्वांत कमी अंतर मोजा आणि दोन अणूंच्या गाभा-त्रिज्यांच्या (फाइलमध्ये गोठवलेला गाभा जिथपर्यंत धरलेला असतो त्या अंतरांच्या) बेरजेशी ताडून पाहा. अंतर कमी भरलं, तर एक-दोन घनफळांवर सर्व इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या प्रोग्रॅमने खात्री करा. नव्या फाइलला कटऑफही (इलेक्ट्रॉनांचं गणित किती बारीक लाटांपर्यंत करायचं, ती ऊर्जेची मर्यादा) जास्त लागतो. जुन्या इनपुटमधला आकडा उचलू नका.

एककांचा घोळ तर मीही घातला आहे. व्हास्प या इलेक्ट्रॉनांचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बाहेरचा दाब किलोबारमध्ये द्यावा लागतो. मी 100 लिहिलं आणि आठवडाभर 10 गिगापास्कलचे आलेख 100 च्या नावाने काढत बसलो. अणूंच्या हालचाली मोजणाऱ्या लॅम्प्स प्रोग्रॅममध्ये 'मेटल' एककं निवडली, तर दाब बारमध्ये असतो; तिथे 100 गिगापास्कल म्हणजे दहा लाख. आउटपुटमधला दाब वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन रचनांपैकी स्थिर कोणती, हे नुसत्या ऊर्जेवरून ठरवणं हीसुद्धा नेहमीची चूक. दाबाखाली एन्थाल्पीची तुलना करायची, म्हणजे ऊर्जा अधिक दाब गुणिले घनफळ. 100 गिगापास्कलला अणूमागे एक घन अँगस्ट्रॉमचा फरक म्हणजे 0.62 इलेक्ट्रॉनव्होल्ट! एवढ्यात रचनांचा क्रम सहज उलटतो.

पेटीचं (गणनेत अणू ज्या चौकटीत ठेवतात तिचं) घनफळ मोकळं सोडून रिलॅक्स केलंत, म्हणजे रचनेला कमीत कमी ऊर्जेकडे सरकू दिलंत, तर प्लेन वेव्हचा, म्हणजे इलेक्ट्रॉन मांडायच्या लाटांचा, संच मात्र सुरुवातीच्या पेटीचाच राहतो आणि दाबात त्यामुळे येणारी, पुले स्ट्रेस नावाची चूक शिरते. मी तर सरळ सात-आठ ठरावीक घनफळांवर गणना करतो आणि बिंदूंवर बर्च-मर्नाघन समीकरण (घनफळ आणि ऊर्जा-दाब यांचं नातं) बसवतो. के-पॉइंटची जाळी (स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटा ज्या बिंदूंवर मोजतात ती) प्रत्येक घनफळाला तपासा. पेटी आकसली की तीच जाळी विरळ पडते.

रिलॅक्स केलं की रचना आपोआप योग्य जागी जाईल, असंही समजू नका. सममिती धरून चाललेली गणना सुरुवातीच्या रचनेपाशीच अडकते. फोनॉन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची कंपनं, काढा; काल्पनिक वारंवारता (अणू जागेवर परत न येता दूर सरकतात याची खूण) दिसली, तर ती रचना टिकणारी नाही. ती दिसली नाही म्हणून मात्र हीच सर्वांत स्थिर, असं होत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या रचनांपासून शोध घ्यावाच लागतो.

रेण्वीय गतिकीत, म्हणजे अणूंची हालचाल क्षणाक्षणाने मोजताना, वितळणबिंदू काढायचा तर परिपूर्ण स्फटिक नुसता तापवू नका. त्याला पृष्ठभाग नाही, दोष नाहीत. त्यामुळे तो खऱ्या वितळणबिंदूच्या बराच पुढेपर्यंत घनच राहतो. पेटी अर्धी घन, अर्धी द्रव ठेवा आणि त्यांची सीमा कुठे सरकते ते पाहा. द्रव वाढला, तर तापमान जास्त आहे. घन वाढला, तर कमी. इतक्या दाटीत अणू फार जोराने हलतात, तेव्हा टाइमस्टेपही (दोन मोजणींमधला वेळ) कमी करा. थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारी सोय) बंद करून थोडा वेळ चालवा: एकूण ऊर्जा सतत एकाच दिशेने सरकत असेल, तर टाइमस्टेप अजून मोठा आहे.