टेनिस रॅकेटची तुलना : तराजू, मोजपट्टी आणि दमलेला हात

नवी रॅकेट पहिल्या दहा मिनिटांत सर्रास खोटं बोलते. मी एकदा तिच्या बोलण्याला भुललो. जुन्या रॅकेटने चार फटके, नव्या रॅकेटने चार फटके, नवीचे चेंडू बेसलाइनजवळ धडाधड पडताना पाहिले आणि तिथल्या तिथे घेऊन टाकली. महिन्याभरात कोपर दुखायला लागलं. पुढे ध्यानात आलं की जुन्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची विणाई, आठ महिन्यांपूर्वीचं होतं आणि नवीचं दोन दिवसांपूर्वीचं. म्हणजे मी रॅकेटची तुलना केलीच नव्हती. ताज्या तारांची तुलना शिळ्या तारांशी केली होती.

तेव्हापासून एक नियम पाळतो : दोन रॅकेटमध्ये जे जे सारखं करता येईल ते आधी सारखं करायचं, मगच कोर्टवर उतरायचं. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी स्वतःच्या खेळाची नोंद

दोन-तीन सामने किंवा सरावाची सत्रं मोबाइलवर चित्रित करा. फटके देखणे दिसतात का, हे पाहायचं नाही. तुमच्या चुका कुठल्या जातीच्या आहेत ते पाहायचं. चेंडू नेटमध्ये जास्त जातात की बेसलाइनबाहेर? वेगवान सर्व्ह परतवताना रॅकेट उशिरा पोचते का? व्हॉली मारताना रॅकेट हातात वळते का? तासाभरानंतर सर्व्हचा जोर उतरतो का? कागदावर तीन ओळी लिहा. "मला पॉवर हवी" असं लिहू नका, ती सगळ्यांनाच हवी असते. "बॅकहॅन्ड सर्व्हिस लाइनच्या आतच पडतो" असं लिहा. पुढे प्रत्येक आकडा या तीन ओळींशी ताडून पाहायचा आहे.

कागदावरचे आकडे वाचायचे कसे

प्रौढांची नेहमीची रॅकेट २७ इंच लांबीची असते. नियमाने २९ इंचांपर्यंत मुभा आहे, पण अर्ध्या इंचाने लांब रॅकेटसुद्धा फिरवायला जड लागते, हे दोन हातांनी बॅकहॅन्ड मारणाऱ्याला लगेच कळतं.

डोक्याचं क्षेत्रफळ चौरस इंचांत देतात. लाकडी रॅकेटच्या जमान्यात ते ६५ ते ७० च्या आसपास असायचं. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांच्या कल्पनेतून प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंची रॅकेट आली तेव्हा लोक तिला हसले होते. पण कल्पना पक्की होती : चौकट रुंद केली की कडेचं वजन मधल्या रेषेपासून लांब जातं आणि चेंडू मध्यावर न बसता बाजूला लागला तरी रॅकेट हातात कमी वळते. आज बहुतेकांच्या हाती ९८ ते १०० ची रॅकेट असते. रॉजर फेडरर वर्षानुवर्षं ९० च्या रॅकेटने खेळला आणि २०१४ च्या मोसमापासून ९७ कडे वळला. ज्याचा चेंडू जवळपास नेहमी मधोमध बसायचा त्यालाही सात चौरस इंच हवेसे वाटले, तर आपण ९५ च्या रॅकेटचा हट्ट कशाला धरायचा? व्हॉलीला रॅकेट वळते असं लिहिलं असेल, तर १०० किंवा त्याहून थोडं मोठं डोकं बघा.

वजन वाचताना आधी एक खात्री करा : आकडा गटिंगविना आहे की गटिंगसह? तारांमुळे साधारण १५ ते १८ ग्रॅम वाढतात. एकीचा गटिंगविना ३०० आणि दुसरीचा गटिंगसह ३१५ वाचून दुसरी जड समजणारे पुष्कळ भेटतात. त्या दोन्ही जवळपास सारख्याच असतात.

तोल म्हणजे रॅकेट कुठे तोलली जाते ते ठिकाण, मुठीच्या टोकापासून सेंटिमीटरमध्ये मोजलेलं. २७ इंची रॅकेटचा मध्य ३४.३ सेंमीवर येतो. तोल त्याच्या अलीकडे म्हणजे डोकं हलकं, पलीकडे म्हणजे डोकं जड. काही ठिकाणी हेच 'पॉइंट'मध्ये लिहितात. एक पॉइंट म्हणजे एक अष्टमांश इंच, जेमतेम तीन मिलिमीटर.

चौकटीचा ताठपणा 'आरए' या आकड्यात दिलेला असतो, साधारण ५५ ते ७५ च्या दरम्यान. ताठ चौकट फटक्याच्या वेळी कमी वाकते, त्यामुळे चेंडूला जास्त जोर मिळतो आणि हाताला जास्त हादरा. कोपराची किंवा मनगटाची जुनी तक्रार असेल तर मी ६५ च्या वर जायचा सल्ला देणार नाही, मग ती रॅकेट कितीही गोड बोलो.

तारांची वीण दोन आकड्यांत सांगतात : आधी उभ्या तारा, मग आडव्या. १६ बाय १९ मध्ये चौकोन मोठे, तारा सरकून झटकन जागेवर येतात आणि टॉपस्पिनला, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी द्यायला, मदत होते. १८ बाय २० मध्ये तारा दाट, चेंडू सपाट आणि ठरलेल्या दिशेने जातो. तारा सरकल्याने काय होऊ शकतं याचा टोकाचा नमुना १९७७ मध्ये दिसला. रोमानियाचा इली नास्तासे 'स्पॅगेटी' पद्धतीची, म्हणजे तारा एकमेकींत न गुंफता सरकत्या ठेवलेली रॅकेट घेऊन उतरला आणि अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलासची क्ले कोर्टवरची सलग ५३ विजयांची मालिका तुटली. चेंडू इतका विचित्र उसळत होता की व्हिलासने दोन सेटनंतर सामनाच सोडला. त्या विणीवर पुढे बंदी आली.

जो आकडा सर्वांत जास्त बोलतो

वजन आणि तोल दोन्ही सारखे असूनही एक रॅकेट चपळ आणि दुसरी आळशी वाटते, ती स्विंगवेटमुळे. मुठीपासून १० सेंमीवर आस धरून रॅकेट फिरवायला किती जड जाते, त्याचा हा आकडा. गटिंगसह तो बहुधा २८० ते ३४० च्या मधे असतो. मोठा आकडा म्हणजे चेंडूमागे जास्त वजन, समोरच्याचा वेगवान चेंडू आला तरी रॅकेट मागे हटत नाही. पण ती वेळेवर पोचवायची जबाबदारी तुमची. 'रॅकेट उशिरा पोचते' असं लिहिलं असेल तर एकूण वजनाच्या आधी हा आकडा कमी असलेली रॅकेट बघा.

कंपन्या तो क्वचितच छापतात, म्हणून घरी मोजायची एक पद्धत सांगतो. गणित नको असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण मला यात फार मजा येते.

आधी गटिंग आणि ग्रिपसह रॅकेट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. मग फूटपट्टीच्या कडेवर आडवी ठेवून तोलाचं ठिकाण काढा. आता मुठीच्या टोकापासून १० सेंमीवर विणकामाची गोल बारीक सुई आडवी ठेवून चिकटपट्टीने घट्ट बांधा, तारांच्या जाळीला समांतर. सुईची दोन टोकं सारख्या उंचीच्या दोन टेबलांच्या कडांवर टेकवा, म्हणजे रॅकेट मधल्या फटीत डोकं खाली करून लोंबेल. हलकासा झोका द्या आणि २० झोक्यांना लागणारा वेळ मोजा. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं. वेळेला २० ने भागा.

सूत्र असं : वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले तोलाच्या सेंटिमीटरमधून १० वजा केलेली संख्या, गुणिले एका झोक्याच्या वेळेचा वर्ग, गुणिले २४.८५. समजा वजन ०.३१८ किलो, तोल ३३ सेंमी आणि २० झोक्यांना २६.५४ सेकंद लागले. एका झोक्याला १.३२७ सेकंद. उत्तर येतं ३२०. झोके मोजताना एक दशांश सेकंदाची चूक झाली तर उत्तर दोन-तीन आकड्यांनी हलतं, आपल्या कामाला तेवढं चालतं.

मूठ

मुठीचा घेर एल० ते एल५ असा लिहितात. एल२ म्हणजे सव्वाचार इंच, आणि प्रत्येक पायरीला एक अष्टमांश इंचाचा फरक. रॅकेट धरा आणि बोटांची टोकं व अंगठ्याखालचा तळव्याचा उंचवटा यांच्या फटीत दुसऱ्या हाताचं बोट घालून पाहा. बोट सहज बसलं तर माप ठीक. कोंबावं लागलं तर मूठ लहान, जागा उरली तर मोठी. दोन मापांत अडलात तर लहान घ्या. ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरची पातळ पट्टी, गुंडाळून घेर वाढवता येतो, मोठी मूठ तासून लहान करणं मात्र कटकटीचं काम आहे.

कोर्टवर उतरण्याआधी

यादी दोन, फार तर तीन रॅकेटवर आणा. पाच घेऊन गेलात तर तिसरीनंतर पहिलीचा स्पर्श आठवत नाही. सर्वांत एकाच प्रकारच्या तारा, एकाच ताणावर, एकाच दिवशी गटिंग करून घ्या. चाचणीसाठी उसन्या मिळालेल्या रॅकेटचं गटिंग बदलता येत नसेल, तर निदान कुठल्या तारा आहेत आणि किती जुन्या हे विचारा. पॉलिएस्टरच्या तारा लवकर ढिल्या पडतात, वर हाताला कडक लागतात. मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांच्या तारा, मऊ असतात. एकीत हे आणि दुसरीत ते असेल, तर तुम्हाला चौकटीबद्दल काही कळणार नाही. ओव्हरग्रिप सारखी, डॅम्पनर (तारांची थरथर कमी करणारा रबराचा तुकडा) असेल तर दोन्हींना, आणि चेंडूचा डबा त्याच दिवशी फोडलेला.

तुमची सध्याची रॅकेटही ताजं गटिंग करून सोबत न्या. निम्म्या वेळा स्पर्धा तीच जिंकते आणि नव्या रॅकेटचा खर्च वाचतो.

कोर्टवर

जोडीदाराला सांगून ठेवा की आज सामना नाही, तक्रार करू नकोस. पहिल्या रॅकेटने १५ मिनिटं, दुसरीने १५, परत पहिली, परत दुसरी. हा दुसरा फेरा महत्त्वाचा. पहिल्या फेऱ्यात हात आधीच्या रॅकेटच्या सवयीने चालतो, म्हणून काही रॅकेट उगाच वाईट आणि काही उगाच चांगल्या वाटतात.

प्रत्येक फेऱ्यात तीच कामं करा. क्रॉसकोर्ट फोरहॅन्डचे २० चेंडू, बॅकहॅन्डचे २०, आणि त्यातले किती सर्व्हिस लाइनच्या पलीकडे, पण कोर्टच्या आत पडले ते कोणीतरी मोजायचं. दहा पहिल्या सर्व्ह, दहा दुसऱ्या. दुसऱ्या सर्व्हकडे नीट लक्ष द्या, तिथे पॉवर नको असते, भरवसा हवा असतो. मग जोडीदाराला जोरात सर्व्ह करायला सांगा आणि फक्त परतवा. शेवटी तुम्हाला डावी-उजवीकडे पळवायला सांगा. तोल गेलेला असताना, हात पूर्ण ताणून मारलेल्या चेंडूचं काय होतं यावरून मी सर्वांत जास्त ठरवतो. चांगल्या स्थितीत उभं राहून मारलेला फटका कुठल्याही रॅकेटने बरा जातो.

आणि सगळ्यात शेवटी, दोघंही दमल्यावर, एक-एक गेम प्रत्येक रॅकेटने खेळा. जी पहिल्या अर्ध्या तासात मर्दुमकी गाजवत होती ती इथे खांद्याला ओझं होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर, मनगट, खांदा यांची विचारपूस करून मगच निर्णय घ्या. शक्य असेल तर आठवड्याने हीच चाचणी पुन्हा.

जमलंच नाही तर

जवळजवळ जमलेली रॅकेट थोडी वळवून घेता येते. चेंडू सतत लांब जातात? ताण किलोभर वाढवून बघा. आखूड पडतात किंवा हात दुखतो? तेवढाच कमी करा. रॅकेट फटक्याला डळमळते? डोक्याच्या टोकाशी तीन ग्रॅम शिशाची पट्टी लावली की स्विंगवेट सुमारे दहाने वाढतं. तेच तीन ग्रॅम मुठीत, टोकापासून १० सेंमीवर लावले तर स्विंगवेट तसंच राहतं आणि डोकं जरा हलकं भासतं. वाढवणं हे इतकं सोपं आहे. कमी करणं नाही. म्हणून दोन रॅकेट बरोबरीत सुटल्या तर मी हलकी घेतो.

आवडत्या खेळाडूच्या हातातलं मॉडेल पाहून भुलू नका. कित्येक व्यावसायिक खेळाडू जुनीच चौकट नव्या रंगात रंगवून वापरतात, वर तिच्यात शिसं भरलेलं असतं. दुकानातल्या त्याच नावाच्या रॅकेटशी तिचं नातं रंगापुरतंच असू शकतं.

एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट घेणार असाल, तर काटा आणि फूटपट्टी सोबत असू द्या. कारखान्यातून येतानाच त्यांच्यात काही ग्रॅमचा आणि काही मिलिमीटरचा फरक असतो. चार-पाच नगांतून जुळणारी जोडी निवडा. तेवढे नग नसतील तर जी हलकी असेल तिच्यावर शिशाची पट्टी लावा, परत सुईवर टांगा आणि दोघींचे झोके जुळेपर्यंत पट्टी खाली-वर सरकवत राहा.